दिलेल्या शब्दाचा हिशेब

"उद्यां पहांटे पांच वाजतां उठून फिरावयास जाणार," असा निश्चय रात्रीं जेवणाच्या पानावर किती घरांत होतो आणि सकाळच्या चहाबरोबर किती घरांत विरतो, ह्याची गणती केल्यास आमच्या वाचकांपैकीं थोडेच निर्दोष ठरतील. आम्हीही त्या थोड्यांत नाहीं. अशा डळमळीत निश्चयांना आधार देण्याचा आज एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. त्यास 'कोचिंग' म्हणतात. परीक्षेच्या शिकवणीहून तें निराळें. मनुष्यानें स्वतः ठरविलेली गोष्ट त्याच्याच हातून पार पडावी म्हणून साह्य करणारा, तो 'कोच'.

ह्या शब्दाची कुळकथा मौजेची आहे. हंगेरींतील कोच नांवाच्या गांवच्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या. त्यांवरून इंग्रजींत गाडीस तें नांव पडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकास तेंच नांव बहाल केलें. १९७४ सालीं टिमोथी गॉलवे ह्यांनीं टेनिसवरील आपल्या ग्रंथांत खेळाडूचा खरा अडथळा त्याच्या मनांतच असतो, असें प्रतिपादिलें. आणि १९९२ सालीं जॉन व्हिटमोर ह्यांनीं तोच विचार कचेऱ्या-कारखान्यांच्या कारभारास लावून दाखविला. हेतु, सद्यःस्थिति, पर्याय व निर्धार ह्या त्यांच्या पद्धतीच्या चार पायऱ्या. पहिल्या तीन चढणें सोपें. बहुतेक माणसें अडखळतात तीं चौथीवर.

येथें मानसशास्त्राची साक्ष उपयोगी आहे. पीटर गोल्विट्झर ह्यांनीं १९९९ सालीं असें मांडलें कीं, "व्यायाम करीन" ह्या मोघम संकल्पापेक्षां "अमुक वेळीं, अमुक ठिकाणीं, अमुक करीन" हा संकल्प अधिक फलद्रूप होतो. २००६ सालीं ९४ प्रयोगांच्या एकत्र पाहणींत ह्यास बळकटी मिळाली. २०१६ सालच्या १३८ प्रयोगांच्या पाहणींत आणखी असें दिसलें कीं, प्रगतीची वेळोवेळीं तपासणी केल्यास कार्य साधण्याचा संभव वाढतो. आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांस कळविली, तर अधिकच. आपल्या पूजेच्या संकल्पांत देशकालाचा उच्चार असतोच; त्याचा हेतु धार्मिक खरा, पण मोघमपणास तेथेंही थारा नाहीं.

आतां प्रश्न असा, कीं शब्द मोडल्यावर काय करावें? समजा, पुतण्यानें काकांस सांगितलें, "आठ दिवसांत अर्ज पाठवितों." आठ दिवस गेले, अर्ज तसाच पडला आहे. काका चारचौघांत रागें भरले, तर मुलगा पुढल्या वेळीं सबब तयार ठेवील. भिडेनें गप्प बसले, तर आपल्या शब्दास किंमत नाहीं, असें तो शिकेल. आणि काकांनींच अर्ज लिहून दिला, तर निर्धार कायमचा काकांचा झाला!

चांगला कोच ह्या तिन्ही वाटा टाळतो. तो एकांतांत, ठरल्या दिवशींच, शांतपणें विचारतो : काय झालें? आड काय आलें? हें वचन तुझें होतें कीं मला बरें वाटावें म्हणून दिलेलें? मग पाऊल लहान करावें, मुदत नव्यानें बांधावी, किंवा बेत उघडपणें सोडून द्यावा. उघडपणें सोडलेला बेत मनास फारसा जाचत नाहीं. न बोलतां बुडविलेला मात्र आपल्या शब्दावरील आपलाच विश्वास कुरतडतो. हिशेब कसा आणि केव्हां घ्यावयाचा, हेंही आरंभींच उभयतांच्या संमतीनें ठरलेलें असावें. नाहींतर साह्याची पाळत होते.

एकत्र कुटुंबांत विचारणारीं माणसें पुष्कळ असतात. उणीव असते ती विचारण्याच्या रीतीची. आणि एक पथ्य वडीलधाऱ्यांनीं विशेष पाळावें. ज्या दिवशीं विचारूं म्हणून सांगितलें, त्या दिवशीं अवश्य विचारावें. तेंही एक दिलेलें वचनच आहे.