एल्कची शिकार : तयारी आणि जबाबदारी

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मचाण, रान उठविणारे हाकारे आणि बंदुकीचा बार एवढेच येते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. मग परदेशातील एका शिकारीची तयारी आपण कशासाठी समजावून घ्यावयाची? याचे उत्तर असे की, अमेरिकेतील रॉकी पर्वतात दर वर्षी हजारो सामान्य माणसे कायद्याच्या चौकटीत राहून एल्कची शिकार करतात. आणि तिच्या तयारीकडे बारकाईने पाहिले तर जनावर मारण्याचा भाग तीत फार थोडा असतो. बहुतेक सारी तयारी मारल्यानंतर काय करावयाचे याचीच असते.

प्रथम जनावराची ओळख करून घेऊ. एल्क हा हरणांच्या कुळातला प्राणी. आपल्या सांबरासारखी त्याच्या नराला फाटे फुटलेली शिंगे असतात. काश्मीरचा हंगूल तर त्याचा अधिकच जवळचा नातलग होय. युरोपात एल्क हे नाव मूस या निराळ्याच प्राण्याचे आहे. अमेरिकेत गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते याला चिकटविले. तेथील मूळ रहिवाशांचा शब्द वापिटी, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. पूर्ण वाढलेला नर ३०० ते ३५० किलोग्रॅम भरतो आणि हाडे काढून टाकली तरी सुमारे १०० किलोग्रॅम मांस उरते. हा शंभराचा आकडा ध्यानात ठेवावा. पुढचा सारा विचार त्याच्यावर उभा आहे.

अमेरिकेत सर्वांत अधिक एल्क कोलोरॅडो राज्यात आहेत. तेथील फ्लॅट टॉप्ससारख्या राखीव रानांत १९६४ च्या कायद्यान्वये मोटारगाडी नेता येत नाही. मांस आणावयाचे ते घोड्याखेचरांवर, नाहीतर स्वतःच्या पाठीवर. खडकाळ उतारावर धडधाकट माणूस एका खेपेस २५ ते ३० किलोग्रॅम नेऊ शकेल. म्हणजे चार खेपा झाल्या. जनावर रस्त्यापासून ५ किलोमीटरवर पडले असेल तर ओझ्यासह २० आणि मोकळ्या हाताने परत जाण्याचे १५, अशी ३५ किलोमीटरची चाल. एकट्याला दोन दिवस सहज लागतात. म्हणून जाणता शिकारी घरीच नकाशा पसरून ठरवितो की, रस्त्यापासून अमुक अंतराच्या पलीकडे, किंवा अमुक खोल दरीत, बंदूक उचलावयाची नाही.

परवान्याची खटपट वसंतातच सुरू होते. कोलोरॅडोत सोडतीसाठीचे अर्ज एप्रिलच्या आरंभी द्यावे लागतात. परवान्यावर कोणता विभाग, कोणता हंगाम, नर की मादी हे नमूद असते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्रही दाखवावे लागते. हा काच उगाच नाही. मांस, कातडे, इतकेच काय, घड्याळाच्या साखळीत अडकविण्याजोगे दोन सुळे यांच्यासाठी या प्राण्याची बेसुमार कत्तल झाली, आणि १९०० च्या सुमारास साऱ्या उत्तर अमेरिकेत त्याची संख्या लाखाच्याही खाली गेली. पुढे कडक कायदे झाले, यलोस्टोनच्या परिसरातले कळप इतरत्र नेऊन सोडण्यात आले, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळविण्यात आला. आज ही संख्या दहा लाखांच्या आसपास आहे.

आता शरीराची तयारी. ही राने बहुधा २,५०० ते ३,५०० मीटर उंचीवर असतात. तेथे हवा विरळ. सपाटीवरचा माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करू लागला तर डोके दुखते, मळमळते. दुखणे वाढले तर खाली उतरणे हाच खरा उपाय. म्हणून दोन-तीन दिवस आधी पोहोचावे, पाणी भरपूर प्यावे. घरी असतानाच पाठीवर वजन बांधून जिने व टेकड्या चढण्याचा सराव कित्येक महिने करावा लागतो. कपडे लोकरीचे असावेत. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही, आणि ऑक्टोबरच्या हिमवर्षावात तो प्राणावर बेततो. बंदुकीच्या हंगामात अंगावर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी घालणे कायद्याने आवश्यक आहे. दुसऱ्या शिकाऱ्याने माणसाला जनावर समजू नये, एवढाच त्यातला हेतू.

नेमबाजीचा सराव टेबलावर बंदूक टेकवून भागत नाही. बसून, गुडघा टेकून, चढणीने दम लागलेला असताना, ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसेल तेवढीच त्या माणसाची मर्यादा होय. बंदुकीचा पल्ला कितीही असो. मर्यादा ओलांडून मारलेली गोळी जनावराला जखमी करते, आणि ते दूर दाट झाडीत जाऊन तडफडून मरते. वाऱ्याचाही अभ्यास हवा. पहाटे थंड हवा दरीकडे उतरते. ऊन चढले की ती वर वाहू लागते. एल्कचे नाक तीक्ष्ण असल्याने सकाळी त्याच्या खालच्या अंगाने आणि दुपारी वरच्या अंगाने जावे लागते.

जनावर पडले की घाई सुरू होते. त्याचे कातडे जाड. ते अंगावर राहिले तर आतली उष्णता कोंडते आणि मांड्यांच्या हाडाजवळचे मांस बाहेर थंडी असतानाही नासते. म्हणून धारदार सुऱ्या, दोर, कपाळावर बांधावयाचा दिवा आणि माशा न शिरणाऱ्या विरळ विणीच्या कापडी पिशव्या जवळ हव्यात. कातडे लगेच सोलून चारी पाय सुटे करावे आणि सावलीत, वारा लागेल असे टांगावे. अस्वलांचा उपद्रव असतो म्हणून तळापासून दूर. चारी पाय, पाठीचे आणि कमरेच्या आतले मांस टाकून येणे कोलोरॅडोत गुन्हा आहे. केवळ शिंगे घेऊन परतणाऱ्याला तेथे क्षमा नाही. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. १९६७ मध्ये त्याच राज्यात, कोंडून ठेवलेल्या हरणांत प्रथम दिसलेला एक मेंदूचा रोग आता रानातल्या एल्कमध्येही आढळतो. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि मांसाची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास ते खाऊ नये, असा सल्ला तेथील आरोग्यखाते देते.

आता अशी कल्पना करू : शेवटच्या दिवशी, सूर्य कलला असताना, पलीकडच्या खोल दरीत उत्तम नर उभा आहे. गोळी टप्प्यात आहे, परवाना खिशात आहे. परंतु शिकारी एकटा आहे, मोटार ७ किलोमीटरवर आहे आणि उद्याचे ऊन कडक पडणार आहे. ज्याने नकाशावर आपली रेषा आधीच ओढली आहे, तो बंदूक खाली ठेवतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. आमच्या मते त्याचे सहा महिन्यांचे श्रम वाया गेले नाहीत; त्याची तयारी पुरी झाली होती.