चुंबकी वेटोळ्यांचा बंदोबस्त

अंबरनाथचा बुवापाडा असो वा तिथली औद्योगिक वसाहत, जळालेली मोटार नव्याने भरून देणारा वाइंडर हेच सांगेल की, तारेचे वेढे घालणे हाताचे काम असले, तरी ते किती व कोठे घालावेत हा हिशेब डोक्याचा असतो. आणि हाच हिशेब अणुसंमीलनाच्या यंत्रात इतका बिकट होतो की, माझ्या मते, त्या विद्येचा निम्मा इतिहास वेटोळ्यांचाच आहे.

डॉ. होमी भाभा यांनी 1955 साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत नियंत्रित करता येईल, असे भाकीत केले. ते फळले नाही. कारण दहा कोटी अंशांवर तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित कणांचा वायू, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावा लागतो, आणि कंकणाकृती पोकळीभोवती वेटोळी बसवली की ती आतल्या अंगाला दाट व बाहेर विरळ पडून क्षेत्र आत प्रबळ, बाहेर क्षीण होते, आणि कण वरखाली सरकत भिंत गाठतात. टोकामॅक या यंत्रप्रकारात यावर तजवीज म्हणून प्लाझ्मातूनच विद्युत्प्रवाह नेऊन क्षेत्ररेषांना पीळ देतात. जर्मनीतील वेंडेलश्टाइन 7-एक्स या यंत्रात तोच पीळ 50 वाकड्यातिकड्या वेटोळ्यांच्या घडणीत उतरवला आहे.

तांब्याची तार दीर्घकाळ प्रचंड प्रवाह वाहू लागली तर तापते, म्हणून गांधीनगरजवळच्या एसएसटी-1 या टोकामॅकमध्ये नायोबियम-टायटॅनियमची 16 अतिवाहक, म्हणजे रोधाविना वीज वाहणारी, वेटोळी द्रव हेलियमच्या थंडाव्यात बसवली. त्यांच्या सांध्यांनी शास्त्रज्ञांना बराच काळ सतावले. दुरुस्तीनंतर 2013 साली तेथे पहिला प्लाझ्मा साधला. अशी अतिवाहक केबल देशातच घडवण्याचा उद्योग आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने केला, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते.

खरा शत्रू मात्र चुंबकीय बळ आहे. वेटोळे स्वतःच्याच क्षेत्रात ताणले जाते, आणि आतल्या बाजूचा दाब अधिक असल्याने वर्तुळाकार वेटोळे वाकू पाहते. इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार दिला, तर ते वाकणे बव्हंशी निव्वळ ताणात परिवर्तित होते. फ्रान्समधील आयटर या टोकामॅकची 17 मीटर उंचीची 18 वेटोळी अशीच आहेत. त्यांतील नायोबियम-कथिलाचे संयुग भाजल्यावर ठिसूळ होत असल्याने तार आधी वळवून, मग सुमारे 650 अंशांवर भाजावी लागते.

या वेटोळ्यांभोवतीचे सुमारे 30 मीटर उंचीचे पोलादी निर्वातपात्र भारताने दिले असून, त्याचे भाग हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले.