न बुडालेल्या अकरा जहाजांची गोष्ट

लेखमाला : तोफा आणि टेलिप्रिंटर (भाग ५)

मागच्या भागात आपण सेन्सॉरची कात्री पाहिली. तिथे निदान कापणारा हात दिसतो. पण युद्धातल्या पुष्कळ चुकीच्या बातम्यांचा माग काढत गेलं, तर शेवटी खोटारडा माणूस सापडतच नाही. सापडतो तो दमलेला, घाबरलेला आणि अगदी मनापासून बोलणारा साक्षीदार.

१५ सप्टेंबर १९४०. लंडनवर जर्मन विमानांच्या झुंडी चालून आल्या. त्या दिवशी १८५ विमानं पाडल्याचं ब्रिटनने जाहीर केलं. त्या दिवसांत लंडनचे पेपरविक्रेते असे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे फळ्यावर लिहीत. युद्धानंतर जर्मनांची दफ्तरं उघडली, तेव्हा आकडा निघाला साठच्या आसपास. मग वरची सव्वाशे विमानं आली कुठून?

वैमानिकाच्या जागी बसून पाहा. गोळ्या झाडायला मिळतात दोन-तीन सेकंद. समोरच्या बॉम्बफेकी विमानातून धूर निघतो, ते ढगात शिरतं. पुढे त्याचं काय झालं हे बघत बसलात, तर मागून येणारा तुमचा निकाल लावतो. आता त्याच विमानावर आणखी दोघांनी गोळ्या झाडल्या आहेत. तिघंही ते पडताना पाहतात, वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर उतरतात आणि वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना आपापली हकीकत सांगतात. कागदावर विमानं तीन, शेतात सांगाडा एक. खोटं कोणीच बोललेलं नाही. वरच्या कचेरीत फक्त बेरीज झाली.

इंग्लंडच्या शेतांत सांगाडे मोजता तरी येत होते. समुद्रात तेही नाही.

१२ ते १६ ऑक्टोबर १९४४ या पाच दिवसांत तैवानजवळ जपानी विमानांनी अमेरिकी आरमारावर हल्ले चढवले. अनुभवी वैमानिक तोवर बहुतेक मारले गेले होते. उरली होती कोवळी, घाईघाईने शिकवलेली पोरं, आणि बरेच हल्ले संध्याकाळनंतरचे. अंधारात पाण्यावर आगीचा लोळ उठला की तो शत्रूच्या जहाजाचाच, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात त्यातले बरेच लोळ त्यांच्याच सोबत्यांच्या कोसळलेल्या विमानांचे होते! टोकियोने जाहीर केलं : अकरा विमानवाहू जहाजं आणि दोन युद्धनौका बुडाल्या. सम्राटाने आरमाराची पाठ थोपटली, वृत्तपत्रांनी विजयाचे मथळे दिले. खरा हिशेब असा की अमेरिकेचं एकही जहाज बुडालं नव्हतं. ‘कॅनबेरा’ आणि ‘ह्यूस्टन’ या दोन क्रूझर जबर जायबंदी झाल्या, त्या ओढून नेल्या गेल्या. जपानची मात्र तीनशेच्या वर विमानं गेली. अमेरिकी अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी आपल्या वरिष्ठांना खवचट संदेश धाडला : टोकियो रेडिओने बुडवलेली आपली सगळी जहाजं वर काढली आहेत, आणि ती शत्रूच्या दिशेने भरवेगात माघार घेत आहेत.

इथवर हसू येतं. पुढे येत नाही. होरी एइझो नावाच्या लष्करी हेर-अधिकाऱ्याने परतलेल्या वैमानिकांची उलटतपासणी घेतली होती, आणि हे आकडे पटत नाहीत असं वर कळवलंही होतं. कोणी मनावर घेतलं नाही. आरमाराच्या टेहळणी विमानांना काही दिवसांतच शाबूत विमानवाहू जहाजं दिसली. पण एवढा विजय जाहीर करून झाल्यावर आता ‘चुकलं’ म्हणायचं कोणी? आरमाराने लष्कराला हे सांगितलंच नाही. शत्रूचं आरमार खिळखिळं झालंय या भरवशावर लष्कराने फिलिपिन्समधली लढाई लुझॉनऐवजी लेटे बेटावर द्यायची ठरवली. २० ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य लेटेवर उतरलं, ‘बुडालेल्या’ जहाजांच्या छत्राखाली. माझ्या मते वर्तमानपत्राचा वाचक फसणं ही त्यातली लहान गोष्ट. स्वतःच्याच बातमीवर विसंबून सेनापतींनी माणसं मरायला धाडली, ही मोठी.

हे सगळं जुनं वाटत असेल, तर भारत-पाकिस्तान संघर्षातली ८ मे २०२५ची रात्र आठवा. आपल्याकडच्या कित्येक वाहिन्यांवर कराची बंदर धडाधड जळत होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांची ऑर्डरही गेली. नौदलाने कराचीवर हल्ला केलेलाच नव्हता. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने एवढंच सांगितलं की जहाजं तैनात होती, कराचीसह ठरलेल्या लक्ष्यांवर हवं तेव्हा प्रहार करायची तयारी होती. म्हणजे अफवेला कणभर सत्याचं विरजण होतं : तयारी खरी, हल्ला खोटा. शिवाय १९७१च्या डिसेंबरात आपल्या नौदलाने कराची खरोखरच पेटवली होती, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे चित्र आयतं होतं. १९४०च्या वैमानिकाने निदान विमान तरी पाहिलं होतं. या रात्री स्टुडिओत बसलेल्याने पाहिला तो शेजारच्या वाहिनीचा पडदा.

पुढील भागात : १९९१च्या आखाती युद्धातली पेट्रियट क्षेपणास्त्रं, आणि टीव्हीवर दिसलेला प्रत्येक स्फोट ‘अचूक वेध’ कसा ठरला.