लुटल्या गेलेल्या घरांची गोष्ट

सुरतेच्या लुटीची गोष्ट मराठी मुलांना घोड्याच्या पाठीवरून माहीत असते. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन थडकले, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, चार दिवसांत मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर धुऊन निघाले आणि खजिना राजगडाकडे गेला. ही गोष्ट खरी आहे आणि रंगतदारही आहे. पण कुमारवयातल्या वाचकासाठी सुरतेवर चांगली कादंबरी लिहायची असेल, तर ती एखाद्या सुरतेतल्या घरात, कडी लावलेल्या दाराच्या आतल्या बाजूने सुरू व्हावी, असे माझे म्हणणे आहे. याला निव्वळ भूतदया कारण नाही. साधनेच तिकडे बोट दाखवतात. शिवाय आजच्या सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळेतले मूल इतिहासात लुटणाऱ्यांच्या बाजूचे असते आणि पत्त्याने लुटल्या गेलेल्या शहराचे. कादंबरीकाराला याहून चांगला वाचक कुठे मिळणार?

साधने म्हणजे मुख्यतः इंग्रज आणि डच वखारींचे कागद. इंग्रजांच्या वखारीत पाद्री असलेल्या एस्कॅलियटने लूट ओसरल्यावर इंग्लंडला सविस्तर पत्र धाडले. त्या कागदांतली सुरत चित्रातल्यासारखी संगमरवरी नाही. मूठभर व्यापाऱ्यांचे पक्के वाडे सोडले तर घरे लाकडी खांबांची, बांबूच्या कुडाची आणि मातीने लिंपलेली. आग लागली तेव्हा रात्रीचा दिवस झाला आणि दिवसा धुराने सूर्य झाकला, असे एस्कॅलियट सांगतो. लोक तापीतून नावांनी आणि पायी खेड्यांकडे पळाले. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांतल्या काहींनी तो मोजून किल्ल्यात जागा मिळवली. धनाढ्य व्यापारी वीरजी व्होराचा वाडा लुटला गेला. डच वखारीच्या एका दिवंगत दलालाचे घर मात्र, तो दानधर्मी होता म्हणून, वगळले गेले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो. कपुचिन पाद्र्यांच्या मठालाही धक्का लागला नाही. म्हणजे एकाच गल्लीत एक घर जळते आणि एक वाचते. त्या वाचलेल्या घरातल्या मुलाने शेजारच्या मित्राला काय सांगायचे? कादंबरीला लागणारा पेच इथे आयता मिळतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: यातून महाराजांना कमीपणा येईल. मला उलट वाटते. इनायतखानाच्या वकिलाने भेटीच्या मिषाने महाराजांवर कट्यार चालवली, तेव्हा महाराज पडले असे समजून सैन्यात कत्तलीची हाक उठली आणि महाराजांनी स्वतः उठून ती थांबवली, हे इंग्रजांनीच लिहिले आहे. पुढे काही कैद्यांचे हात तोडले गेले, हेही त्याच कागदांत आहे. पहिली नोंद घ्यायची आणि दुसरी गाळायची, याला इतिहास म्हणत नाहीत. दोन्ही एकत्र वाचू शकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला महाराज जास्त कळतील. आणि घर युद्धात सापडले की काय होते, हे महाराजांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1660 पासून तीन वर्षे मोगल सरदार शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन होता. त्या धामधुमीत, 1662 साली, त्यांनी मावळातल्या सर्जेराव जेध्यांना पत्र लिहिले: मोगल येताहेत, तुमच्या तप्प्यातल्या रयतेला लेकराबाळांसकट घाटाखाली सुरक्षित जागी न्या; यात हयगय झाली आणि माणसे बंदीत गेली, तर ते पाप तुमच्या माथी. सुरतेची मोहीम ही त्या तीन वर्षांच्या नुकसानीची वसुली होती. तेव्हा कादंबरीत एक घर मावळातले हवे आणि एक सुरतेतले. दोन्ही घरांनी सारखीच गाठोडी बांधलेली असतील, फक्त महिने वेगळे.

दुसरा आक्षेप असा, की मुलांना हे झेपणार नाही. इयन सेरेलियर या इंग्रज लेखकाने वॉर्सामध्ये आईबापांपासून तुटलेल्या पोलिश भावंडांवर ‘द सिल्व्हर स्वोर्ड’ ही कादंबरी लिहिली. 1956 साली आलेले ते पुस्तक पुढच्या पिढ्यांतल्या मुलांनीही वाचले. आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ मध्ये आदिलशाहीशी इमान राखणारा किल्लेदार बाप आणि शिवाजीकडे ओढला जाणारा मुलगा समोरासमोर उभे केलेच होते. घर दुभंगण्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. पुढे तलवारींच्या खणखणाटात ती मागे पडली, एवढेच. (खणखणाट लिहायला सोपा असतो, हेही खरे.)

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. वखारींच्या कागदांत नावे सापडतात ती व्होरा, हाजी सय्यद बेग अशा धनिकांची. कुडाच्या घरातल्यांची नाहीत. मग लेखकाने सारे कल्पनेनेच रचायचे का? तपशील रचावा लागेलच, पण चौकट कागदांवरून बांधता येते. लूट होऊन गेल्यावर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली. मागावर बसणारा विणकर जकात भरत नव्हता, त्यामुळे त्या माफीतून त्याच्या जळलेल्या कुडासाठी काही येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातही ऑक्टोबर 1670 मध्ये मराठी फौज पुन्हा सुरतेत शिरली. पहिल्या वेळी सहा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा बारा वर्षांची असेल, आणि या खेपेला आधी काय उचलायचे हे तिला ठाऊक असेल.