खांदा धरलाय? लेझरने दुखणं कमी होऊ शकतं, पण हात वर जाईल तो व्यायामानेच

भोपाळ : केस विंचरताना हात वर जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही, शर्ट घालताना कळ निघते. चाळिशी ते साठीच्या वयात, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना जास्त, हा त्रास होतो. आपण 'खांदा धरला' म्हणतो, डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. बैतूल, मुलताईकडचे रुग्ण इलाजासाठी भोपाळ गाठतात, तेव्हा फिजिओथेरपीसोबत लेझरचाही पर्याय समोर येतो. गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि प्रत्येक सिटिंगचे पैसे पाहता, त्याने नेमकं काय होतं हे आधी समजून घेतलेलं बरं.

हा शेक नव्हे

या उपचारात लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कमी ताकदीने खांद्यावर सोडतात. त्याने कातडी भाजत नाही. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांवर लेझर वापरून पाहिला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. तिथून या उपचाराची सुरुवात मानतात. पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा प्रकाश शोषून घेते आणि सूज व वेदना कमी होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पुरावा काय सांगतो?

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये फ्रोझन शोल्डरवरच्या अशा उपचारांचा आढावा घेतला. त्यात ६३ रुग्णांची एक चाचणी होती. सगळ्यांनी व्यायाम केला. निम्म्यांना खरा लेझर दिला, बाकीच्यांना नुसता दाखवण्यापुरता. आठ आठवड्यांच्या उपचारात खरा लेझर घेतलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, रोजची कामंही सोपी झाली. पण हात किती वर जातो, यात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. शिवाय चाचणी लहान होती, त्यामुळे यावरून छातीठोक दावा करता येत नाही.

अर्थ सरळ आहे. लेझर दुखणं उतरवायला मदत करू शकतो, आखडलेला सांधा मोकळा करणं हे व्यायामाचं काम. दुखणं उतरलं की व्यायाम जमतो, म्हणून ही जोडी. नुसता लेझर घेऊन घरी हात गळ्यात बांधून बसलात, तर खांदा आणखी आखडतो.

घरी काय करायचं?

चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हळूहळू फिरवा. भिंतीसमोर उभं राहून बोटं वर वर चालवत न्या. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात उचला. ताण जाणवला तर चालेल, पण असह्य कळ येईपर्यंत ओढू नका. सुरुवातीच्या जास्त दुखण्याच्या काळात तर जोर नकोच. हा आजार पुरता जायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

पैसे भरण्याआधी

खांदेदुखीचं कारण फ्रोझन शोल्डरच आहे की स्नायूची दोरी फाटली आहे, हे आधी तपासून घ्या. भोपाळच्या एम्समध्ये पुनर्वसन उपचारांचा (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन) वेगळा विभाग आहे. लेझर सुचवला तर सिटिंग किती, एकूण खर्च किती आणि घरचे व्यायाम कोणते, हे तिघंही विचारा. व्यायाम तिथेच करून दाखवा, म्हणजे चूक कळेल आणि पुढच्या खेपाही वाचतील. लेझर चालू असताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. कर्करोगाची गाठ असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि खांदा दुखताना छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर फिजिओकडे जाऊ नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, थेट जवळचं रुग्णालय गाठा.