पारदर्शक अलाइनर उपचार : तज्ज्ञाची निवड व शुल्काचे नियोजन
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात सरळ करण्याच्या शास्त्रास आधुनिक रूप देण्यात अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १८९९ मध्ये मांडलेले दंतव्यंगांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. दातांना तार बसविणे हा या शास्त्रातील रूढ उपचार होय. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने त्यास पर्याय म्हणून संगणकीय आराखड्यावरून तयार केलेले पारदर्शक साचे, म्हणजेच अलाइनर, प्रचारात आणले. २०१७ पासून या कंपनीच्या मूळ पेटंटची मुदत संपू लागली आणि अनेक उत्पादक या क्षेत्रात उतरले. परिणामी महानगरापुरता मर्यादित असलेला हा उपचार आता पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा यांसारख्या गावांतील कुटुंबांच्याही विचाराधीन येऊ लागला आहे.

हा उपचार महाग आहे, तो वर्ष-दीड वर्ष चालतो आणि त्याचे शुल्क बहुधा आरंभीच मागितले जाते. तज्ज्ञ कोण असावा आणि पैसे कोणत्या क्रमाने द्यावेत, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या पाल्यांसाठी, तसेच सल्ला विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकवर्गास या विवेचनाचा उपयोग व्हावा.

उपचाराचे स्वरूप :

दातावर सौम्य व सतत दाब पडला की त्याच्या एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूस नवे हाड तयार होते. या क्रियेमुळे दात जागा बदलतो. तार असो वा अलाइनर, मूळ तत्त्व हेच आहे. प्रत्येक अलाइनर दातास सामान्यतः पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवितो. तो एक ते दोन आठवड्यांनी बदलावा लागतो आणि दिवसातून २० ते २२ तास तोंडात ठेवावा लागतो. ४० साचे प्रत्येकी १० दिवस वापरायचे ठरल्यास ४०० दिवस, म्हणजे सुमारे १३ महिने लागतात. जेवताना, तसेच पाण्याखेरीज काहीही पिताना साचा काढावा लागतो. दिवसात चार-पाच वेळा चहा घेणाऱ्या व्यक्तीने ही अट उपचार सुरू करण्यापूर्वीच विचारात घ्यावी.

अलाइनर सर्व प्रकारच्या व्यंगांस सारखाच उपयुक्त नसतो. थोडी गर्दी किंवा फटी असल्यास तो चांगले काम करतो. फार फिरलेले सुळे, दात काढून मोठी जागा भरून काढणे किंवा जबड्याच्या हाडातील दोष अशा बाबतीत तार अधिक खात्रीची ठरते. काही वेळा शस्त्रक्रियाही लागते. हिरड्यांचा विकार असल्यास प्रथम त्यावर उपचार करणे अनिवार्य आहे. ग्रामीण भागात मिश्री लावण्याची सवय अद्याप आढळत असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. कारण सैल हिरड्यांतील दात सरकविण्याच्या प्रयत्नात तो गमावण्याचा संभव असतो.

यावरून असे दिसते की, रुग्ण ज्याचे मूल्य देतो ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचा साचा नव्हे. निदान, आराखडा आणि वर्षभराची देखरेख यांचे ते मूल्य होय.

तज्ज्ञाची निवड :

बी.डी.एस. हा दंतवैद्यकाचा मूलभूत पदवी अभ्यासक्रम असून, त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्स विषयात तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण करणारा दंतवैद्य हा या शाखेचा तज्ज्ञ, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिस्ट असतो. बी.डी.एस. दंतवैद्यही अलाइनर देतात. त्यामुळे फलकावरील कंपनीच्या नावापेक्षा पदवी व राज्य दंत परिषदेकडील नोंदणी पाहणे उचित ठरते. कंपनीने दिलेली श्रेणी किंवा प्रमाणपत्र ही शैक्षणिक अर्हता नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञाने ठरावीक दिवशी शहरातून येऊन स्थानिक दवाखान्यात रुग्ण तपासण्याची पद्धत रूढ आहे. ती गैर नाही. मात्र तिच्यामुळे जबाबदारी विभागली जाते. आराखडा तज्ज्ञाचा, साचे कंपनीचे आणि पैसे स्थानिक दवाखान्याकडे, अशा रचनेत तज्ज्ञाचे येणे थांबल्यास उपचार कोण पूर्ण करणार, हे आरंभीच लेखी ठरलेले असावे.

अंतराचा विचारही आवश्यक आहे. पुण्यापासून मंचर सुमारे ६० व जुन्नर सुमारे ९० किलोमीटर आहे. आहुपे किंवा आंबे-हातवीज यांसारख्या पश्चिमेकडील गावांतून निघणाऱ्या रुग्णास तालुक्याचे ठिकाण गाठण्यातच बराच वेळ जातो. तारेच्या उपचारात साधारणतः महिन्यातून एकदा जावे लागते, तर अलाइनरच्या बाबतीत भेटींतील अंतर अधिक ठेवता येते. तार टोचणे किंवा सुटणे अशा अडचणीही त्यात नसतात. दुर्गम भागासाठी हा खरा लाभ आहे. तथापि भेटी कमी होणे आणि भेटीच न होणे यांत फरक आहे. प्रत्यक्ष तपासणी व क्ष-किरण चित्रे न घेता केवळ छायाचित्रांवरून किंवा घरी घेतलेल्या मापावरून सुरू होणारा उपचार टाळावा.

दुसरे मत घेण्यासाठी दंत महाविद्यालयांची रुग्णालये उपयुक्त आहेत. दक्षिणेस पिंपरी व पुणे येथे, तर उत्तरेस संगमनेर येथे अशी महाविद्यालये आहेत. तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारेचे उपचार सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतात.

शुल्क व ते देण्याची पद्धत :

शुल्काची चौकशी करताना एकूण रकमेपेक्षा तीत काय समाविष्ट आहे हे महत्त्वाचे असते. पहिल्या संचानंतर दात अपेक्षेप्रमाणे न सरकल्यास करावे लागणारे सुधारणा-साचे, हरवलेला साचा, क्ष-किरण चित्रे आणि शेवटी वापरावयाचा रिटेनर यांचा खर्च स्वतंत्र आहे का, हे विचारावे. रिटेनर न वापरल्यास दात मूळ जागी परतू लागतात. त्यामुळे तो वगळून सांगितलेली किंमत अपुरी समजावी.

बाह्यरुग्ण दंतोपचार सर्वसाधारण आरोग्य विम्यात बहुधा समाविष्ट नसतात. म्हणून मासिक हप्त्यांचा मार्ग सुचविला जातो. येथे ‘बिनव्याजी’ हा शब्द तपासून घ्यावा. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात नमूद केले होते. उदाहरणार्थ, रोख दिल्यास ९०,००० रुपये आणि ‘बिनव्याजी’ घेतल्यास १०,००० रुपयांचे १० मासिक हप्ते असा व्यवहार असेल, तर त्यात दडलेल्या व्याजाचा दर वार्षिक सुमारे २३ ते २४ टक्के येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना वार्षिक एकत्रित दर दर्शविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदारास समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. १८ वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी मोबाइलवरून स्वतःच्या नावे असे कर्ज घेऊ शकतो, याची जाणीव पालकांस असणे इष्ट आहे.

या दोन तालुक्यांतील उत्पन्नाचा क्रमही पगारदारांसारखा नाही. दुधाचा पगार ठरावीक दिवसांनी हाती येतो; परंतु उसाचे बिल गाळपानंतर, तर टोमॅटो व कांद्याची पट्टी बाजारभावानुसार मिळते. दरमहा ठरावीक तारखेस वळता होणारा हप्ता अशा कुटुंबास जाचक ठरू शकतो. दवाखान्याशी थेट बोलून आराखड्याच्या वेळी एक भाग, साचे मिळाल्यावर दुसरा, उपचाराच्या मध्यावर तिसरा आणि रिटेनर दिल्यावर शेवटचा, अशी विभागणी करता येते. तीत उत्पन्नाची सोय होते आणि काम पूर्ण होईपर्यंत काही रक्कम रुग्णाच्या हाती राहते.

याचे महत्त्व अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीच्या उदाहरणावरून ध्यानात येते. ग्राहकांना घरपोच अलाइनर पुरविणारी ही कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद पडली. आजीवन हमी संपुष्टात आली, अपूर्ण उपचार तसेच राहिले आणि हप्ते मात्र भरत राहावेत असे ग्राहकांस कळविण्यात आले. कर्ज घेतले की संस्थेकडे पूर्ण रक्कम पोहोचलेली असते. त्यानंतर उपचार थांबला तरी देणे थांबत नाही.

सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागू शकतो. यासाठी लेखी आराखडा, संमतिपत्र व प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. अलाइनर योग्य की तार, हे निदानानंतर ठरावे; जाहिरातीवरून नव्हे.
२. एम.डी.एस. अर्हता, नोंदणी आणि उपचार पूर्ण करण्याची लेखी जबाबदारी या तीन बाबी निवडीच्या मुळाशी असाव्यात.
३. प्रवास, सुधारणा-साचे व रिटेनर धरूनच एकूण खर्च मोजावा.
४. शुल्क उपचाराच्या टप्प्यांनुसार द्यावे. पूर्ण रक्कम आगाऊ देणे किंवा तीसाठी कर्ज काढणे शक्यतो टाळावे.

दात सरळ करणे ही बहुधा तातडीची गरज नसते. त्यामुळे दोन मते घेण्यास, कागदपत्रे वाचण्यास आणि पुढील पिकाचे पैसे हाती येईपर्यंत थांबण्यास बहुतेक प्रौढ रुग्णांना पुरेसा अवकाश असतो. वाढत्या वयातील मुलांच्या जबड्याचे दोष हा मात्र याला अपवाद आहे. त्यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.