मनगटावरची जाळी
तोल गेला की माणूस आधी हात टेकतो. अंगाचा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये या दुखापतीचं वर्णन केलं, म्हणून ती ‘कोलिस फ्रॅक्चर’. अँटोनियस मॅथाइसन या डच लष्करी शल्यचिकित्सकानं १८५१ मध्ये सुती पट्टीत प्लास्टरची पूड चोळली, तेव्हापासून ओली पट्टी गुंडाळायची पद्धत रूढ झाली. पुढे फायबरग्लासमुळे वजन घटलं. आतली खाज, घामाचा वास आणि अंघोळीच्या वेळी हातावर बांधायची प्लास्टिकची पिशवी मात्र तशीच राहिली.

२०१३ मध्ये न्यूझीलंडच्या जेक एव्हिल या तरुण डिझायनरनं ‘कॉर्टेक्स’ या जाळीदार साच्याची कल्पना मांडली. त्याचा स्वतःचा हात मोडला होता आणि जड प्लास्टरनं तो वैतागला होता. एक्स-रे आणि हाताचं थ्रीडी स्कॅन जुळवायचं, त्या मापाची नायलॉनची जाळी थ्रीडी प्रिंटरवर छापायची. हाड मोडलंय तिथे वीण दाट, बाकी हातभर विरळ. आधार नेमका हवा तिथेच देण्याचा हा विचार मला साऱ्या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो. जाळीतून वारा खेळतो, हात धुता येतो, त्वचा डोळ्यांना दिसते. ‘कॉर्टेक्स’ नमुन्यापुरतं होतं. नंतर अमेरिकेत कोलोरॅडोच्या ‘अ‍ॅक्टिव्हआर्मर’नं असे साचे रुग्णांच्या हातावर चढवले.

प्लास्टर मिनिटांत घट्ट होतं, छपाईला मात्र तास लागतात. त्याहून मोठी अडचण सुजेची. पहिल्या दिवसांत सूज वाढली तर कडक साचा रक्तपुरवठा दाबतो; उतरली तर तोच साचा सैल पडून हाड सरकू शकतं. म्हणून सुरुवातीला एका बाजूनं मोकळं राहणारं कच्चं प्लास्टरच बरं. हाड सरकलेलं असेल तर डॉक्टर ते ओढून जागेवर बसवतात आणि ओलं प्लास्टर सुकेपर्यंत तळव्यानं दाबून धरतात. तो दाब यंत्राला देता येत नाही. पण हाड नीट बसलंय, सूज उतरलीय, अशा मनगटाला पुढचे आठवडे बंद कवचात कोंडून ठेवण्यापेक्षा जाळी निश्चित चांगली.

फक्त ती उघडता येते म्हणून घरी उघडू नका. आणि आधार कोणताही असो, बोटं बधिर झाली, निळी पडली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.